दुखणं कुठं जातं

१७ नोव्हेंबर, रविवार. टोकरखाडा, सिल्वासा

आलो एकदाचे. अमळनेरहून सुरत, सुरतहून वापी, आणि वापीहून एका रिक्षात सात माणसं, वर माझ्या मांडीवर मिक्सर. समाधान वाटेत तीनदा म्हणाला की मिक्सर सिल्वासातही मिळतो. मी म्हटलं, आईने दिलेला नाही मिळत.

लग्नाला आठ महिने झाले. त्यातले सात मी सासरी आणि हा इथे, राखोलीच्या धाग्याच्या कंपनीत. आता खोली मिळाली. दुसरा मजला, एक ओटा, एक मोरी, आणि खिडकी उघडली की समोरच्यांची वाळत घातलेली कापडं. मला तर राजवाडाच वाटला. तोंडाने मी त्याला 'अहो' म्हणते, पण इथे लिहिताना समाधानच लिहिणार, कारण माझी डायरी कोण वाचतंय? तीही त्याच्या कंपनीने दिवाळीला दिलेली. तारखा पुढच्या वर्षाच्या छापल्यात, त्या खोडून माझ्या घालते आहे.

वाटेत दारूची दुकानं बघून डोळे विस्फारले. सासूबाईंनी निघताना एवढंच बजावलं की त्याला त्या बाजूला फिरकू देऊ नको. हा थेंबही घेत नाही, पण आमच्या गावात सिल्वासा म्हटलं की लोक डोळा मारतात. याचं व्यसन एकच, तेलकट. आणि खाल्लं की छातीखाली धरून बसायचं, आणि म्हणायचं की गॅस झाला.

२० नोव्हेंबर

शेजारीण मिळाली. गुड्डी, नंदुरबारची. तिचा नवराही धाग्यातच आहे. ती एका वाक्यात मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही कालवते आणि तरी सगळं कळतं.

खाली जिन्याशेजारी चिमाबाई राहते. शिरपूरकडची, इथे येऊन तीस वर्षं झाली. सरकलेली बेंबी बसवते. इथे त्याला पेचोटी म्हणतात. अथालहूनसुद्धा बाया येतात म्हणे तिच्याकडे. मी नुसती बघायला गेले, तर तिने न विचारता माझ्या बेंबीवर अंगठा दाबला आणि म्हणाली, मोकयं शे, एकदम मोकयं. मोकळं पोट म्हणजे चांगलंच असेल. म्हातारी स्वतः मात्र पोट आवळून, वाकून चालते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज भरीत केलं होतं, तेलाची तर्री येईल असं. समाधान चार भाकरी जेवला. दोन तासांनी दुखायला लागलं. बरगड्यांच्या मधोमध, आणि तिथून आरपार पाठीत. तीनदा उलटी झाली, तरी आराम नाही. आडवं पडवत नाही. गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसला की थोडं सुसह्य होतं म्हणतो.

दवाखान्यात जाऊ म्हटलं. तो नको म्हणाला. कंपनीतल्या एकाला असंच दुखलं होतं, तर आधी प्रश्न आला, किती पितोस. गावाला कळलं तर आईला तोंड दाखवता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं. हे मी खरं लिहिते आहे. मलाही पटलं.

२४ नोव्हेंबर

गुड्डीने चिमाबाईला वर आणलं. तिने बेंबीपाशी बोट ठेवलं आणि सांगितलं की पेचोटी वर चढली आहे. कणकेचा छोटा दिवा करून बेंबीवर ठेवला, पेटवला, आणि त्यावर पितळी लोटा पालथा घातला. आतली ज्योत विझली आणि पोटाचं मांस लोट्यात ओढलं गेलं. समाधान ओरडला. मी त्याचे हात धरून ठेवले.

लोटा निघेना. अर्धा तास झाला, मी दोन हातांनी ओढला, तरी निघेना. चिमाबाईने माझे हात बाजूला केले. ऱ्हाऊ दे वं माय, दुखणं खाई ऱ्हायना तो, असं म्हणाली. म्हणजे लोटा दुखणं खातोय. ती स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, आणि तिला घाम सुटला होता. शेवटी लोटा आपणच गळून पडला. मग दोन्ही पायांच्या अंगठ्यांना काळा दोरा बांधला आणि गूळ-तूप चारायला लावलं. मीच चारलं, माझ्या हाताने.

तासभर तो झोपला. मला वाटलं, सुटलो.

२५ नोव्हेंबर

पुन्हा सुरू झालं, कालच्या दुप्पट. पोट दगडासारखं टणक. बेंबीभोवती लोट्याचा गोल वळ आहे, निळा. सकाळपेक्षा आता रुंद झाला आहे. मी पेनाने कडेला खूण केली होती, निळं त्या खुणेबाहेर गेलं.

त्याचे डोळे पिवळे दिसतात. गुड्डीने १०८ ला फोन लावला.

२६ नोव्हेंबर. दवाखाना

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते. डॉक्टर मनीषा मॅडम रत्नागिरीच्या आहेत, मराठीत बोलल्या म्हणून रडू आलं. दारूचं त्यांनीही विचारलं, मी शपथ घ्यायला निघाले. त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, विचारावं लागतं, कारण दारू आणि पित्ताचे खडे हीच दोन मोठी कारणं. कुणाच्या रक्तात चरबी फार वाढते, कुणाला एखादं औषध बाधतं. समाधानला खडे आहेत. वर्षभर गॅस म्हणून जे दुखत होतं, ते हेच. एक खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला.

जठरामागे स्वादुपिंड असतं. अन्न पचवणारा रस तिथे तयार होतो. वाट बंद झाली की तो रस आतच जागा होतो आणि ज्या पिंडात तयार झाला त्यालाच पचवायला लागतो. मी विचारलं, म्हणजे पोट स्वतःलाच खातंय? त्या म्हणाल्या, हो, साधारण तसंच.

निळा वळ त्यांनी बघितला. मी लोट्याचं सांगितलं, मान खाली घालून. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे निळं लोट्याचं नाही. आत रक्त झिरपतंय, ते इथे दिसतंय. लोट्याने आजार झाला नाही, पण दोन दिवस गेले.

दोन दिवस गेले. ते मी घालवले.

२७ नोव्हेंबर

त्याला ताप चढला होता म्हणून मॅडमनी वाट बघितली नाही. सुरतहून डॉक्टर आले, तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. मी मॅडमचे पाय धरायला गेले. त्यांनी उठवलं आणि सांगितलं की अडथळा गेला, पण आतली सूज तिच्या वेळेने उतरेल. अठ्ठेचाळीस तास कळीचे आहेत.

मग आता काय करायचं? सलाईन, बाटलीमागून बाटली. दुखण्याची इंजेक्शनं, नाकाला ऑक्सिजन, लघवी किती झाली त्याचं माप. तोंडाने सध्या काही नाही. सूज उतरली की हळूहळू अन्न सुरू करतील, आणि बरा झाल्यावर पित्ताची पिशवी काढायची. बाकी थांबायचं.

तो पाणी मागतो. ओठ फुटलेत. मी ओला कापूस फिरवते आणि तोंड फिरवून रडते. नुसतं थांबायचं हा कसला उपचार?

२८ नोव्हेंबर

अजून तसाच आहे. श्वास वर लागलाय.

चिमाबाई दवाखान्याच्या आवारात निंबाखाली बसली होती, काल आणि आजही. मला एवढंच विचारते, निळं कुठपर्यंत गेलं? मी तिच्यावर ओरडले. माणसं बघायला लागली. तिने लुगडं बाजूला केलं.

तिच्या पोटावर वळांवर वळ. काळे, निळे, हिरवट, एकात एक. कातडी शिल्लकच नाही. तिने सांगितलं की दुखणं जात नसतं, फक्त जागा बदलतं. तीस वर्षं तिने लोकांचं खाल्लं. याचं अर्धं खाल्लं आणि तिथेच अडलं. मना पोटमा आते जागा नही ऱ्हायनी, म्हणाली. तुझं पोट मात्र मोकळं आहे.

मी बीए झालेली बाई आहे. मॅडमनी मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, आणि मला ते कळलंही होतं. पण आत तो तोंड उघडून श्वास ओढत होता, आणि मला करण्यासारखं काहीच नव्हतं.

दुपारी खोलीवर जाऊन मी आडवी झाले. तिने दिवा ठेवला.

२९ नोव्हेंबर

समाधानचा ताप उतरला. लघवी नीट होते आहे. मॅडम पहिल्यांदा हसल्या. निळ्याच्या कडा पिवळ्या पडायला लागल्यात, जुन्या माराच्या पडतात तशा.

मला जेवल्यावर दुखायला लागलं. बरगड्यांच्या मधोमध. पाठीत आरपार.

चिमाबाईने दोन गोष्टी बजावल्या आहेत. कुणाला सांगायचं नाही. आणि सुई-औषध घ्यायचं नाही, नाहीतर ते माझ्यातून निघेल. मी विचारलं, निघून कुठं जाईल? तिने वर अतिदक्षतेच्या खिडकीकडे बघितलं.

३० नोव्हेंबर

लोटा परवाच निघाला. वजन मात्र अजून पोटावर आहे. साडीवरून बोटाने टिचकी मारली तर पितळ वाजतं.

समाधानला दोन चमचे पाणी दिलं. तो त्याबद्दल अर्धा तास बोलला. मी वाकून बसले होते. मॅडमनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, पाळी. त्या म्हणाल्या, खडे बायकांना जास्त होतात, उद्या तुमचीही सोनोग्राफी करू. मी पदर घट्ट घेतला आणि निघून आले.

वळ आला आहे. निळा. पेनाने खूण केली.

चिमाबाईच्या खोलीला कुलूप. गुड्डी म्हणते, पहाटे गावाला गेली. ताठ चालत गेली.

१ डिसेंबर. सकाळ

खुणेच्या बाहेर गेलं. उलट्या. पाणीसुद्धा—

त्याचा फोन आला. त्याने पेज खाल्ली. हसत होता. विचारलं, कधी येतेस. मी म्हटलं, कपडे धुते आहे.

खडा तर सत्तावीसलाच निघाला होता. मी लोटा लावला अठ्ठावीसला. म्हणजे तो मॅडममुळे— सूज त्यामुळेच— म्हणजे माझ्याशिवायही तो बरा—

आणि नसेल तर?

सहन करायचं. आठ दिवस. तो घरी येईपर्यंत. मग बघू.

१ डिसेंबर. दुपार

नाही होत. देवा, नाही होत

मी सव्वीस वर्षांची आहे मला जगायचंय

गुड्डीला हाक मारली. सांगितलं सगळं. ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरला घेऊन आली. त्याने पोट बघितलं, एक सुई दिली, म्हणाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. रिक्षा बोलावली आहे. मी नको म्हणायला हवं होतं. हात मीच पुढे केला. मीच

पाच मिनिटांनी

गेलं.

एकदम गेलं. कमी झालं नाही, गेलं. पोट मऊ आहे. टिचकी मारली, काही वाजत नाही. वळाची निळाई माझ्या डोळ्यांदेखत—

फोन वाजतोय. दवाखान्याचा नंबर आहे.

मी उचलणार नाही.

थांबला. पुन्हा वाजतोय. रिक्षाही आली खाली.

गुड्डीने उचलला. हो म्हणाली. हो, त्यांचंच घर. मग नुसती ऐकते आहे. ती माझ्याकडे बघत—