उजवा गाल

१९ नोव्हेंबर १९७४

तिसरी दाढ काढली. दंतवैद्य म्हणाले होते, या खेपेला नक्की हीच. काढल्यावर चिमट्यात धरून उजेडात फिरवत बसले. पांढरीशुभ्र! कीड नाही, काही नाही. मी कापसाचा बोळा दाबून घरी निघाले. टांग्यात वारा लागला आणि उजव्या गालातून तीच कळ — विजेच्या उघड्या तारेला हात लागावा तशी. दाढ गेली. दुखणं आहे तिथंच आहे.

२० नोव्हेंबर

पेज. तीही डावीकडून.

२४ नोव्हेंबर

आज हातून नको ते झालं.

खिडकीशी बसून तिसरीच्या वह्या तपासत होते. दुर्गा मागून आली आणि "आई, बघ ना" म्हणत माझा गाल धरून तोंड आपल्याकडे वळवलं. मी तिच्या हातावर फाडकन मारलं. नुसतं ढकललं असतं तरी चाललं असतं. मारलं — सहा वर्षांच्या पोरीला! कळ ओसरेपर्यंत मला बोलताही येईना, तोवर ती मोरीच्या दाराआड जाऊन बसली होती. ह्यांनी तिला बाहेर फिरवून आणलं. तिला काय दाखवायचं होतं ते कळलंच नाही.

आई आठवली. तीच आठवण मला सोसत नाही. माहेरी जेऊरला, अक्काच्या लग्नात, हळदीचा दिवस. मी नऊ वर्षांची. सगळ्याजणी एकमेकींना हळद फासत होत्या. मीही दोन्ही हात भरले आणि आईच्या गालाला लावायला गेले. तिनं भर मांडवात माझ्या थोबाडीत दिली. का मारलं, तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. तेव्हापासून मी तिला कधी बिलगले नाही. पुढं ती मौनीआई झाली. अकरा वर्षं झाली, शब्द बोललेली नाही. लोक पाया पडतात, आणि मी मनात म्हणते, या बाईनं मला मारलं होतं.

तिच्यासारखं व्हायचं नाही, एवढं एकच तर ठरवलं होतं.

३ डिसेंबर

वर्गात बोलवत नाही. फळ्यावर लिहिते, पट्टी आपटते, पोरी आपल्या आपण पाढे म्हणतात. त्यांना वाटतं, बाई रागावल्यात. हेडमास्तर म्हणाले, नाताळपर्यंत बघू, नाहीतर रजा टाका.

शाळा गेली तर जाऊ दे. दुर्गा जवळ येते खरी, पण हात पाठीमागे बांधून. कुणी शिकवलं नाही तिला.

९ डिसेंबर

ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी चन्नवीर डॉक्टरांचं नाव सांगितलं. नव्यानंच दवाखाना काढला आहे. तरुण आहेत, बोलतात थोडं, विचारतात फार. कळ किती वेळ राहते? कुठून निघते, कुठं जाते? जेवताना, बोलताना, तोंड धुताना? मग कापसाची वात घेऊन माझ्या ओठाजवळ आणली. मी खुर्चीसकट मागं सरले. त्यांनी हात तिथंच थांबवला.

"लावत नाही बाई. कळलं मला. दात चांगलेच होते तुमचे. दुखते ती चेहऱ्याची नस."

मला रडू आलं. दोन वर्षांत कितीजणांनी सांगितलं — उष्णता आहे, पित्त आहे, मनाचे खेळ आहेत. आणि हा माणूस लांबूनच म्हणाला, कळलं. रडतानाही कळ येते, म्हणून रडू आवरलं.

एक गोळी दिली आहे. आधी अर्धी, मग वाढवायची. मनानं बंद करायची नाही, रक्त तपासायचं.

११ डिसेंबर

चक्कर. भिंत धरून चालते. एकीच्या दोन दिसतात, पंधरा बाय पंधराच्या वर्गात शंभर पोरी! पण सकाळपासून कळा फक्त चार.

१४ डिसेंबर

भाकरी खाल्ली. ज्वारीची, कडक, शेंगाचटणीशी. उजवीकडून! दाढा नाहीत तरी उजवीकडूनच. हे समोर बसून बघत राहिले, स्वतः जेवायचे विसरले.

२२ डिसेंबर

रविवार. एकही कळ नाही, सलग चौथा दिवस.

दुपारी धीर करून साबणानं तोंड धुतलं. आरशात बघते तर उजव्या गालावर, नाकापासून कानापर्यंत, काळपट पट्टा. दोन वर्षं तेवढ्या भागाला पाणीच लावलं नव्हतं मी. पंचा ओला करून हळूहळू चोळला तेव्हा मळ सुटत गेला. लाज वाटली.

आणि मग पंचा हातातून पडला. हा पट्टा मी पाहिलेला आहे. आईच्या उजव्या गालावर, अगदी इथंच. गावात म्हणतात, तपाचा डाग आहे.

ती मिश्री लावायची, ती एका दिवसात सोडली. बायका म्हणाल्या, वैराग्य आलं. उन्हाळ्यातही पदर गालाशी आवळून धरते. जेवते ते आंबील, तेही डाव्या गालानं. सप्त्याला आलेले बुवा म्हणाले, या माउलीला मौन साधलंय. लोक पाया पडायला लागले. ती नाही कशी म्हणणार? नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं!

कुणी विचारलंच नाही. मी तरी कुठं विचारलं? मी तर शिकलेली.

२९ डिसेंबर

जेऊरला जाऊन आले. आई ओट्यावर बसलेली, पदर गालाशी. एक बाई तिच्या पायाशी नारळ ठेवून गेली. मी ज्ञानूला सगळं सांगितलं. भाऊच तो, पण असा बघायला लागला, जणू मी देवळात चपला घालून शिरले आहे. म्हणाला, "प्रभे, तुझ्या गोळीपायी आईचं व्रत मोडायचं व्हय?"

मी आईसमोर खाली बसले. तिला हात न लावता माझ्याच तोंडावर बोट ठेवून दाखवलं. "हितनं निघतं? हितपतोर जातं? वारा लागला की? मिश्रीचं बोट लागलं की?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली. प्रत्येक प्रश्नाला एकदा. चौथ्यांदा हलवली तेव्हा तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. उठली, आत गेली आणि लुगड्याचं गाठोडं घेऊन दारात येऊन उभी राहिली.

ज्ञानू स्टेशनापर्यंत गाठोडं घेऊन आला. "मला व्रत वाटलं गं," म्हणाला. खिडकी त्यानंच ओढून लावली, वारा येऊ नये म्हणून.

६ जानेवारी १९७५

चन्नवीर डॉक्टरांनी आईला तोंड उघडायला सांगितलं. उजवीकडे एकही दात नाही, दाढ नाही. डावीकडचे सगळे शाबूत. गावात पकडीनं दात उपटणारा कुणीतरी होता, मला पुसटसं आठवतं. माझ्या तीन गेल्या, तिची अख्खी बाजू. तिनंही आधी सांगून बघितलं असणार. दात संपले, मग बोलायची थांबली.

वयाच्या मानानं पाव गोळीपासून सुरुवात.

११ जानेवारी

झोपून असते. चक्कर येते तिला. आंबील मात्र पूर्ण वाटीभर घेतली.

दुर्गा तिच्या उशाशी बसते. हात पाठीमागे.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळं सोलापूर गड्ड्याच्या यात्रेला लोटलं आहे. आम्ही घरीच. आईनं तिळाची वडी तोंडात धरली आणि विरघळू दिली. मी तिळगूळ घ्या म्हटलं. ती हसली, दोन्ही गालांनी. पण बोलली नाही. डॉक्टर म्हणतात, आता दुखत नसावं. मग? सवय गेली असेल. की माझ्याशी बोलायचंच नसेल?

१७ जानेवारी

सकाळची शाळा करून आले. आई खिडकीशी बसली होती, तोंड धुऊन, पदर खांद्यावर. गालावरचा पट्टा निम्मा गेला आहे. मी चपला काढत होते.

"प्रभे," म्हणाली. आवाज ओळखूच आला नाही. "तवा हळदीला मारलं तुला. लई लागलं व्हतं का गं?"

मी नाही म्हणाले. मग व्हय म्हणाले.

दुर्गाची शाळा पाचला सुटते. तिला अजून विचारलेलं नाही.