कॉम्प्युटर चालू होईपर्यंत सांगलीतच

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळ.
बावीस वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर आला तेव्हा हे आर्मीतून नुकतेच रिटायर झाले होते. दुपारी एकाच स्टुलावर दोघं टेकून स्क्रीनवर पत्ते खेळायचो. माउस त्यांच्या हातात, सूचना माझ्या. एकदा दूध उतू जाऊन ओट्याखाली आलं, तरी आम्ही काळ्या राणीची जागा शोधत होतो.

आता तो उठायला दहा मिनिटं घेतो. म्हणून नवा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणली. त्यावर मी मुलांचा ऑनलाइन इंग्लिश क्लास घेणार. आमच्या जयराजने शिरवळला फ्लॅट घेतलाय आणि बापलेकांचं ठरलंय, इथलं घर बंद करून तिकडे राहायचं. मी अट घातली: पाडव्याला क्लास सुरू झाला, तर सांगली सोडायची नाही. हे म्हणाले, चालतंय.

दुपार.
दुकानदार अफताब जोडून देतो म्हणत होता. नको म्हटलं. व्हिडिओ दोनदा पाहिलाय. शिवाय पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला सगळं स्वतःच करायला लावायच्या.

आधी पूजा. हे म्हणाले, डब्याला वरनं लाव की हळदकुंकू, आत कशाला घालतीस. पण यंत्र म्हणजे डबा नव्हे. मदरबोर्ड, रॅम, सगळ्यांना बोटं लावली, अक्षता वाहिल्या, मग जोडणी केली. तीन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देत असावी.

संध्याकाळ.
पंखा फिरतो. दिवा लागतो. स्क्रीन काळी. तीनदा बीप. म्हणजे तिन्ही वस्तू बरोबर बसल्या.

२ ऑक्टोबर, दसरा.
पुन्हा तीन बीप. प्रगती स्थिर आहे.

५ ऑक्टोबर.
क्लासला सहा नावं. शेजारच्या पल्लवीने मुलीचं नाव सगळ्यात आधी दिलं. जयराजचा फोन. नव्वद टक्के काम झालं, असं सांगितलं. उरलेलं दहा टक्के म्हणजे फक्त चालू होणं.

९ ऑक्टोबर.
अफताबला फोन केला. म्हणाला, काकू, रॅम काढा आणि तिची सोनेरी पट्टी खोडरबरने चमकवा. खोडरबरने पेन्सिल जाते, हळद कशी जाईल? चिंच आणि मीठ लावून घासली. देवघरातल्या घंटीसारखी झाली. धुऊन, वाळवून बसवली.

१० ऑक्टोबर.
बीप बंद. तक्रार मिटली.

१३ ऑक्टोबर.
पंखाही बंद. नवी यंत्रं आवाज करत नाहीत, असं व्हिडिओत म्हटलंच होतं.

१५ ऑक्टोबर.
रिक्षाने अफताबच्या दुकानात. कॉम्प्युटर यांच्या मांडीवर. अफताबने चिमट्याने आतून तांदूळ काढून काउंटरवर मांडले आणि बहिणीला हाक मारली, अफसाना, बघ, शितं सापडली. मग मला म्हणाला, काकू, माझ्याकडं आणण्यापेक्षा मार्केट यार्डात न्यायचा, हळदीचा भाव तरी आला असता. ती म्हणाली, गप की, काकू हायत्या. त्याचं म्हणणं, बोर्ड गेला, रॅम गेली आणि वॉरंटीत चिंच बसत नाही. हळद जंतुनाशक असते हे त्याला ठाऊक नाही. तरुण आहे, शिकेल. येताना हे एकदाच हसले, तेही रिक्षाबाहेर बघून.

१८ ऑक्टोबर.
नवा बोर्ड दिवाळीनंतर येईल. पाडव्याला अजून चार दिवस आहेत. पल्लवीला म्हटलं, मला शिरवळला नेलं तर तुझ्या मुलीच्या इंग्लिशचं कसं होणार. ती म्हणाली, ऑनलाइनच आहे ना काकू, मग शिरवळवरनं घ्या की. हे अंगणात दाढी करत होते. म्हणाले, ह्ये कोण बोलतंय त्याचीच वाट बघत हुतो.

पल्लवीच्या मुलीचं नाव यादीतून काढलं. त्या घरात शिस्त कमी आहे.

२१ ऑक्टोबर.
जयराजचा फोन. शिरवळला माझ्यासाठी नवा कॉम्प्युटर घेतलाय, जोडलेला, चालू. सून शिवांजली मागून म्हणाली, आई, पूजा मी केलीये, कुंकू फक्त खोक्याला लावलंय.

सांगलीचं इंटरनेट जास्त चांगलं, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात यांनी ट्रंक काढली.

२२ ऑक्टोबर, पाडवा.
शिरवळला फक्त पंधरा दिवस जातोय. हवापालट. आल्यावर बोर्ड बघता येईल.

पल्लवीला: फ्रिजमधलं उरलेलं सगळं. आणि फ्रिज.
भांडीवाल्या रंगूबाईंना: स्टीलचे डबे, दिवाण. उचलायला त्या मुलग्याला आणतील.
अफसानाला: शिलाई मशीन. सुई ओवून ठेवलीय.
अफताबला: मॉनिटर. तो चांगला आहे, त्याला मी हात लावला नव्हता.
पल्लवीच्या मुलीला: माझी इंग्लिशची पुस्तकं आणि डिक्शनरी. तिचा उच्चार चांगला आहे.
किल्ली: शनिवारी येणाऱ्या भाडेकरूंना. त्यांना सांगायचं, मागच्या दाराची कडी जरा वर उचलून लावावी लागते.