ऋचाची खाली

सोमवार, १० नोव्हेंबर

पाचवीतली ऋचा गाण्याच्या तासाला अख्खा तास टिकावी म्हणून काय करायचं? मला माहीत नाही. बी.एड.ला यावर पूर्ण पेपर होता, मार्कही चांगले पडले होते.

जूनमध्ये साताऱ्याहून इथे दिल्लीत, आमच्या मराठी शाळेत आली. वडिलांची बदली, आर. के. पुरमला क्वार्टर. लक्ष टिकत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. आज पेटीच्या भात्यात बोट घातलं, मग खिडकी, मग चपला. हातावर तीनताल चालू असताना मध्येच फरशीवर बसली. असं नेहमीच. मुलं हसली.

प्रिन्सिपल मॅम दारातून: "संमेलनाच्या गाण्यात ही नको हं. स्टेजवर बसली तर?" बघते म्हटलं.

गुरुवार, १३

पुन्हा बसली. का गं, विचारलं.

"मॅम, तुम्हीच म्हणता ना, खाली."

वर्ग लोटपोट. ओंकार म्हणाला, "अगं, खाली म्हणजे एम्प्टी, यार."

"मग रिकामी म्हणा की."

बरोबर आहे. मी फरीदाबादेत वाढले, तालातली खाली माझ्या कानाला हिंदीच. बाकीची मुलंही इथलीच. नवव्या मात्रेला टाळी न देता हात हवेत सोडतात. तिनं साताऱ्याचं मराठी ऐकलं.

येताना मेट्रोत लक्षात आलं. ती दर वेळी नवव्याच मात्रेला बसते. चपलांशी खेळत असली तरी. म्हणजे मोजत असते.

सोमवार, १७

सगळ्यांना उभं करून ताल. पायांनी मात्रा, खालीला सगळेच खाली. ऋचा दोन आवर्तनं नेमकी, तिसऱ्यात खिडकीपाशी. बोलावलं नाही. नवव्या मात्रेला तिथेच बसली. गाणं मात्र अजून अर्धंच पाठ.

ती मात्रा मोजूनच बसते, हे प्रि. मॅमना सांगितलं. "ते ठीक आहे, पण पालक शूटिंग करतात."

माझी नोकरी अजून कच्ची, मार्चला बघू म्हणतात. घरातली पहिली ग्रॅज्युएट. बाबांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय.

गुरुवार, २०

"काढलं ना नाव?" प्रि. मॅम, जिन्यात. घंटा झाली, उत्तर द्यावं लागलं नाही.

दुपारी ऋचाच्या आईला फोन केला. म्हटलं, संमेलनासाठी निळा कुर्ता शिवायला टाका.

त्यांनी विचारलं, "नक्की ना मॅडम? मागच्या शाळेत शिवला आणि मग नाव काढलं. घरीच घालून बसायची."

नक्की, म्हटलं.

प्रि. मॅमना अजून सांगायचंय.