थोरली, धाकटी आणि मधली

४ तारीख, सोमवार
आलो एकदाचे! घर झकास मिळालंय: दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीत भरपूर ऊन. गावाच्या एका अंगाला थोरली नदी, दुसऱ्या अंगाला धाकटी, आणि मधल्या उंचवट्यावर आमची गल्ली. ही जागा मीच हट्टाने निवडली. मांडीचं हाड मोडल्यापासून बाबा पलंगावरच असतात. त्यांना घेऊन पळायची वेळच नको. बाबा म्हणाले, पूर मोजणाऱ्या पोरीने पूर बघून घर घेतलं, शिकवल्याचं सार्थक झालं.

६ तारीख, बुधवार
काम आवडलं. थोरली तुंबली की जास्तीचं पाणी उंचवट्याच्या खालच्या टोकाकडून धाकटीत उतरतं. किती उतरतं आणि केव्हा, ते संगणकावर मांडायचं, म्हणजे इशारा वेळेत देता येईल. पाणीपातळी वाचणारे काका म्हणाले, दोघी सख्ख्या बहिणी, पण वागतात जावांसारख्या. एकीने टाकायचं, दुसरीने निमूट झेलायचं.

९ तारीख, शनिवार
जुन्या पुरांचे आकडे भरले. हिशेब जुळेना. थोरलीने शंभर घागरी सोडल्या तर धाकटीत सत्तरच पोचतात. तीनदा तपासलं. पाच पुरांत ही तूट वाढतच गेलीय. साहेब म्हणाले, कागदावरचं पाणी थोडं आटतंच, तू नवीन आहेस, जिवाला लावून घेऊ नकोस.

१२ तारीख, मंगळवार
बाबा म्हणतात, फरशीखाली कोणीतरी कण्हतं. मी हसण्यावारी नेलं. मग जेवताना घास हातातच राहिला. खरंच कण्हतंय. दोन्ही नद्या इथून दहा-दहा मिनिटांवर. फरशी ओली गार, आणि तळपायाला बारीक थरथर.

१३ तारीख, बुधवार
आज हरवलेल्या पाण्याला उंचवट्याच्या पोटातून, जमिनीखालून एक वाट आहे असं धरून गणित मांडलं. थेंबाथेंबाचा मेळ बसला. वाट आमच्या गल्लीखालून जाते. इतकी वर्षं पाणी आतली माती खातंय.
साहेब म्हणाले, लेखी दे, वर पाठवतो. तोवर गल्ली रिकामी करता येणार नाही. काकांनी शब्द दिला, उद्या सकाळी चार माणसं आणि स्ट्रेचर आणतो.

१४ तारीख, सकाळ
वरच्या भागात ढगफुटी. थोरली झपाट्याने चढतेय. काकांचा फोन: माणसं पुलापलीकडे अडकली.
शेजारच्यांना हाका मारून बाहेर काढलं. बाबांना चादरीवर घेऊन ओढलं. ते किंचाळले. उंबऱ्यापर्यंत पोचलो तेवढ्यात समोरचा रस्ता बसला. दारापुढे खड्डा, तळ दिसत नाही. मागे भिंत.
बाबा म्हणाले, तू उडी मारून जा. नाही गेले.

दुपार
साहेबांचा फोन. आवाजात आनंद. थोरली उतरली, धाकटी बोटभरही चढली नाही, गाव वाचलं, पेढे हवेत म्हणाले.
मी ओरडले — धाकटीत नाही, तर मग ते सगळं पाणी —
फोन बंद पडला.

नंतर
हातात काहीच उरलं नाही, म्हणून लिहितेय. कपाट आपोआप सरकलं. खोली कललीय. बाबांचं डोकं माझ्या मांडीवर — पाय गार पडलेत —
फरशीची एक रांग गेली. आवाजसुद्धा आला नाही.
बाबा विचारतायत, आज वार कोणता. सांगितलं, गुरु—