खंडेनवमीची फ्लॉपी

औंढा नागनाथ
२४ सप्टेंबर २००६

प्रिय रागिणी,

फोन असताना वहिनीनं पत्र का लिहिलं, म्हणून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, पण तोंडाला काही झालेलं नाही, त्यामुळे माझं पूर्वीसारखंच चाललं आहे. हे पाकीट आपला मशीन दुरुस्तीवाला, वारंगा फाट्याचा देविदास तुझ्या हातात देईल. सासरच्या माणसांत फोडू नकोस. गोठ्यात जाऊन वाच.

दुकानात अजून आपलाच जुना संगणक आहे, माझ्या लग्नाच्या वर्षी घेतलेला, विंडोज ९८ वाला. तू लावलेला कॅलेंडरमधला नागनाथ मॉनिटरवर तसाच आहे, फक्त चिकटपट्टी पिवळी पडली. पण आता लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि आपल्या मशीनला ते कळतच नाही. परवा ग्रामसेवक आले, त्यांनी पेन ड्राइव्ह खुपसला, थोडा वेळ वाट बघितली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि समोरच्या दुकानात गेले. देविदास दर महिन्याला येऊन एकच सांगतो, "वयनी, काहून जुनंच धरून बसल्या? तुमी म्हणाल तवा येतो, एका दिवसात एक्सपी टाकून देतो." मी त्याला आधी लग्नसराईनंतर म्हणाले, मग दहावीच्या निकालानंतर, मग पोळ्यानंतर. आता तर तो हसतो. त्याला वाटतं, ही बाई मशीनला घाबरते.

नवी विंडोज टाकायची तर आतलं सगळं पुसावं लागतं आणि मग आपलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. ते परवान्याच्या फ्लॉपीशिवाय पडत नाही, हे तुला मी काय सांगायचं! ते विकणारा नांदेडचा माणूस दुकान बंद करून गेला. सॉफ्टवेअर नसेल तर तू बनवलेल्या लग्नपत्रिका, तुझे ते वेलबुट्टीचे नमुने, उघडले तरी नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतील. म्हणून विंडोजचा विषय निघाला की फ्लॉपीचा निघतो, आणि फ्लॉपीचा निघाला की तुझे दादा म्हणतात, "रागिणीनं फ्लॉपी घालवली, न्हाई तं ही तकलीफच नसती." मी मान खाली घालून चहा गाळते. खरं सांगू? मी तारखा पुढं ढकलते त्या एवढ्यासाठीच, की हे वाक्य पुन्हा ऐकायला लागू नये.

तीन वर्षांपूर्वीची ती दिवाळी आठवते तुला? तुझ्यासाठी दुसरं मशीन आणलं होतं. तू त्याच्या कीबोर्डवर आईच्या जुन्या लुगड्याचं झाकण शिवून ठेवलं होतंस. देविदासनं फ्लॉपी घातली, मशीन घर्र घर्र वाजलं आणि फ्लॉपी वाचता येत नाही असं म्हणालं. दहा वेळा घातली, दहा वेळा तेच. देविदास सहज बोलून गेला, की लोहचुंबकाजवळ ठेवली तर फ्लॉपी जाते, स्पीकरमध्ये चुंबक असतं. झालं! तू गाणी ऐकत काम करायचीस, फ्लॉपीही तुझ्याच ताब्यात असायची. दादांनी तुला भर दुकानात काय काय ऐकवलं. तू एवढंच म्हणालीस, "दादा, म्या न्हाई ठिवली तिथं," आणि मग रडत बसलीस. दुसरं मशीन आठ दिवसांत परत गेलं. पोरीला दुकानात बसवलंच काहून, असं तुझी आई म्हणायला लागली, आणि वैशाखात तुझं लग्न लावून दिलं.

रागिणी, फ्लॉपी मी घालवली. त्या दिवाळीआधीच्या खंडेनवमीला तू अडचणीत होतीस म्हणून घरी राहिलीस आणि दुकानाची पूजा मी एकटीनं केली. माझ्या माहेरी मेंढरांच्या लोकरीची कातर पुजतात. माझे वडील नामाजी कातरीची पाती उघडून धरायचे आणि म्हणायचे, "हळद-कुंकू पात्याला लागाया पायजे पोरी, मुठीला लावून काय व्हतंय?" तेच माझ्या अंगात मुरलेलं. मी मॉनिटरला झेंडू वाहिला, प्रिंटरला कुंकू लावलं, आणि फ्लॉपी हातात घेतल्यावर वाटलं, आपली खरी किल्ली तर ही. तिचं पत्र्याचं झाकण सरकवलं आणि आतल्या काळ्या चकतीला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. वर नमस्कारही केला. मग जरा जास्तच लागलं असं वाटून पदरानं पुसलं.

दिवाळीत मशीन घर्र वाजलं तेव्हाच हे माझ्या लक्षात आलं होतं. तोंड उघडलं नाही. तीन वर्षं झाली होती लग्नाला, पाळणा हलला नव्हता, घरात आधीच माझ्या नावानं कुजबुज होती. वाटलं, तू त्यांची सख्खी बहीण, चार दिवस रागावतील आणि विसरतील. माझं मात्र विसरले नसते. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोर बाजूला बसून तुला पाणी देत होता. तुला इतक्या घाईनं उजवतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. मागच्या संक्रांतीला आई तुझ्याकडे जाऊन आली. सांगत होती, बोलता बोलता पोरीची बोटं मांडीवर टकटक चालतात, काय खोड लागली कुणास ठाऊक. मला ठाऊक होतं. उठून भाकरी उलटायला गेले.

आता मात्र मला पुढं ढकलता येत नाही. काल दादांनीच दिवाळीनंतरचा सोमवार ठरवला. देविदासकडं म्हणे खराब फ्लॉपी वाचायचं काहीतरी आलं आहे, ती शोधून ठेव म्हणाले. देविदास झाकण सरकवल्याशिवाय राहणार नाही. रात्री जेवताना दोनदा सांगायला गेले, दोनदा मीठ वाढून परत आले. नाही जमत मला, पोरी. फ्लॉपी सापडत नाही असं सांगून टाकलं, आणखी एक खोटं. ती या पाकिटात आहे, बिचारा देविदासच न कळता घेऊन येतो आहे. झाकण सरकव, चकती जरा फिरव, अजून लाल दिसेल. दिवाळीला येशील तेव्हा ते दादांसमोर सरकवायचं की तुमच्या विहिरीत टाकायचं, तूच ठरव. तू येईपर्यंत मी मशीनला कुणाला हात लावू देणार नाही. पुढच्या रविवारी खंडेनवमी आहे. पूजेला तुझे दादा बसतील, मला काही कारण काढून घरीच राहायचं आहे.

तुझीच, तू अजून म्हणू देशील तर,
वहिनी शिवकन्या