या फाइल्सचे मालक तुम्ही नाही

प्रिय बबडे,

हे पत्र आत्या स्वतःच्या हाताने तुला देईल. ती अशी अचानक दारात दिसली म्हणून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, घरात कुणाला काही झालेलं नाही. फक्त वाचून झालं की मला फोन करू नकोस, फोटो पाठवू नकोस, "मिळालं" एवढंसुद्धा कळवू नकोस. का, ते सांगतेच. पण मला क्रमाने सांगू दे, नाहीतर मधलं काहीतरी राहून जाईल आणि तू म्हणशील, आईचं डोकं फिरलंय. आत्या तर तसं म्हणून मोकळी झाली होती. अक्षर सांभाळून घे. मेणात दात बसवायला हा हात अजून थरथरत नाही, पण पेन धरलं की कोंबडीचे पाय उमटतात.

सुरुवात माझ्या कामाच्या खोलीतल्या संगणकापासून झाली. एका सकाळी चालू केला तर पडद्यावर निळं आभाळ, आणि त्यावर लिहिलेलं, 'तुमच्या फाइल्स आता अधिक सुरक्षित.' खाली दोन बटणं, 'सुरू करा' आणि 'नंतर आठवण करून द्या'. 'नको' म्हणायची सोयच नाही. मी आपलं 'नंतर' दाबलं आणि प्लास्टर कालवायला घेतलं. पुढे काही दिवसांनी बघते तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात एकेक इवलासा ढग. मला वाटलं, सजावट असेल. हल्ली सगळ्यालाच सजावट असते.

मग इंटरनेट बंद पडलं त्या दिवशी सजावटीचा अर्थ कळला. रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या एक बाई आहेत, त्यांची वरची कवळी करायला घेतली होती. त्यांच्या डॉक्टरांनी पाठवलेले जबड्याचे फोटो मी स्वतः संगणकात ठेवले होते. उघडायला गेले तर उत्तर आलं, 'ही फाइल या संगणकावर नाही. इंटरनेटशी जोडा.' या संगणकावर नाही म्हणजे? मी ठेवलीये ना! मेण बर्नरवर तापलेलं, साचा समोर उघडा, आणि मी पडद्यासमोर हात जोडून बसलेली. बाईंना त्या आठवड्यात सुट्टी घ्यावी लागली. 'स'चा उच्चार शिट्टीसारखा होतो म्हणे, कवळी नसली की. डॉक्टर मला टाकून बोलले. तोवर माझं कधी काम चुकलं नव्हतं.

त्यानंतर रोज नवं काहीतरी. जागा संपत आली, आणखी जागा विकत घ्या. माझ्याच फाइल्स उचलून न्यायच्या आणि वर त्यांच्या मुक्कामाचं भाडं मागायचं! एकदा आत्या चहा घेऊन खोलीत आली, तेवढ्यात संगणकाने आपणहून 'तुमच्या सुंदर आठवणी' म्हणून फोटोंची माळ सुरू केली. मागे सनई-चौघड्याचा आव आणलेलं कसलंतरी आनंदी संगीत, आणि पुढे एकामागून एक बोळकी. दात नसलेले म्हातारे, हिरड्या, टाळू. आत्याला हसून हसून ठसका लागला. मीही हसत होते. आणि त्या बोळक्यांच्या मधोमध, त्याच संगीतावर, तुझा दंड आला. मग मनगट. मग मानेची डावी बाजू.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघेनाशा झालो. आत्याने कप खाली ठेवला आणि ती बाहेर गेली.

ते फोटो तू त्याचं घर सोडून आलीस त्या दिवशी मी खिडकीशी तुला उभं करून काढले होते, अंगावरचे वळ वकीलबाईंना दाखवायला. कुणी सहज उघडू नये म्हणून ज्या फोल्डरमध्ये ठेवले त्याला नाव दिलं होतं 'खालचे दात, जुने'. त्याला कळू न देता तू तिथे राहायला गेल्यावर पाठवलेस तेही सगळे त्यातच ठेवत होते. तुझी खोली, स्टोव्ह, दोरीवरचे कपडे, केस कापल्यावर आरशात काढलेला फोटो. वाटायचं, जुने दात कोण बघायला जातंय.

त्यानंतर तुझा नवरा आला. फळं घेऊन, खाली मान घालून, पायातले बूट दाराबाहेर नीट जोडून. "आई, मी भांडायला आलो नाही," म्हणाला. बसला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आत्याच्या डोळ्यांची केली. निघताना बूट घालता घालता म्हणाला, "केस कापलेत म्हणे तिने. बरं केलं, तिला शोभतं."

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. असंच वाटलं," म्हणाला, आणि हसला.

बबडे, तो गेल्यावर मी दाराची कडी लावली आणि तिथेच उभी राहिले. तुझे केस मला माहीत होते आणि आत्याला माहीत होते. तिसरं कुणीही नाही. म्हणजे माझा संशय कुणावर गेला असेल, ते तू ओळखलंस. ज्या बाईने तुला मांडीवर वाढवलं, तुझे बाबा गेल्यापासून जी माझ्याबरोबर एका ताटात जेवत आली, तिच्या फोनकडे मी चोरून बघायला लागले. ती गॅलरीत कुणाशी बोलायला लागली की मी उगाच झाडांना पाणी घालायला जायचे. मनात यायचं, हिला पहिल्यापासून जावयाचं कौतुक. हिच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यानेच धावपळ करून करवलं होतं. उपकार माणसाला बोलतं करतात.

शेवटी मी एक गंमत केली. गंमत कसली, परीक्षाच. आत्याला खोटंच सांगितलं, "वन्सं, बबडीला चष्मा लागला हो." आणि कुठेही लिहिलं नाही, फोटो नाही, काही नाही. वाट बघत बसले. तो पुन्हा आला, पुन्हा फळं, पुन्हा गुडघे. बोलण्या-बोलण्यात मीच म्हटलं, "तिचे डोळे दुखतात हल्ली." त्याने नुसतं "हो का?" केलं. त्याच्या तोंडावर काही हललं नाही. चष्म्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. पण जाताना सहज विचारल्यासारखं म्हणाला, "स्टोव्हवरच भागवते का सगळं? गॅस नाही घेतला?"

स्टोव्हबद्दल आत्याला मी बोललेच नव्हते. तुझी परवड कशाला सांगायची, म्हणून.

तो फाटकाबाहेर जाताच मी कामाच्या खोलीत पळाले. फोल्डर उघडला. तुझी खोली होती, दोरी होती, आरसा होता. दंड नव्हता. मनगट नव्हतं, मान नव्हती. वकीलबाईंसाठी काढलेला एकही फोटो त्यात राहिला नव्हता. संगणकाने खाल्ले असंच कुणालाही वाटावं, इतके अलगद काढलेले. कॅमेऱ्याचं कार्ड तपासलं, तर त्यावर कधीच नवे जबडे येऊन बसले होते. आत्याने विचारलं, "वहिनी, काय झालं?" तर मी तिच्याकडे बघून रडायलाच लागले. तिला वाटलं, तुझं काही बरंवाईट झालं.

मदतीसाठी त्या कंपनीचं एक पान असतं. तिथे आपण लिहायचं आणि पलीकडून कुणीतरी लिहितं. कोण, ते देवाला ठाऊक. मी लिहिलं, माझे फोटो गेले, परत द्या. उत्तर आलं, 'नमस्कार! मी तुम्हाला आनंदाने मदत करीन.' मग त्याने शोधलं आणि म्हणालं, फोटो खातेदाराने काढून टाकले आहेत. मी लिहिलं, मी नाही काढले. त्याचं उत्तर, 'या फाइल्सचे मालक तुम्ही नाही. कृपया खातेदाराशी संपर्क साधा.' मी लिहिलं, फोटो मी काढलेत, कॅमेरा माझा, मुलगी माझी. तर पुन्हा तेच वाक्य, पूर्णविरामासकट. शेवटी विचारलं, खातेदार कोण? 'गोपनीयतेच्या कारणास्तव ही माहिती देता येत नाही. आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?'

पण मला सांगायची गरजच नव्हती. बबडे, हा संगणक कुणी आणून दिला, आठवतंय? तुझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. तो स्वतः खोका उचलून आला, जमिनीवर बसून तारा जोडल्या, आणि मी नाव-पासवर्ड विचारला तर म्हणाला, "आई, तुम्ही त्या भानगडीत पडू नका, मी माझंच खातं घातलंय." मला केवढं कौतुक वाटलं होतं. साऱ्या मैत्रिणींना सांगितलं, मुलापेक्षा करतो म्हणून. आता तो ढग माझ्या खोलीतून सगळं उचलून त्याच्या खोलीत ओतत होता, आणि तो तिथे पाय पसरून तुझी दोरी, तुझा स्टोव्ह, तुझे केस बघत होता. ढगाची चूक नाही म्हणे. तो फक्त मालकाचं ऐकतो.

माझा पहिला विचार असा होता की तारच उपटावी. आत्याने हात धरला. तिला मी सगळं सांगितलं होतं, चष्म्याचंसुद्धा. ती म्हणाली, "माझ्यावर संशय घेतलात, त्याचं मागाहून बघू. आत्ता तार काढलीत तर त्याला कळेल की आपल्याला कळलं." तिचं बरोबर होतं. आम्ही दोघी तुझे फोटो मोठे करून बघायला बसलो, त्याला काय काय दिसलं असेल ते बघायला. खिडकीतून काढलेल्या एका फोटोत समोरच्या शिंप्याच्या दुकानाची पाटी आहे. पूर्ण मोठी केली की गल्लीचं नावसुद्धा वाचता येतं. त्याने अजून मोठी केली नसावी, नाहीतर तो आमच्याकडे फळं घेऊन कशाला आला असता? पण आज नाही तर उद्या त्याचं लक्ष जाणारच.

म्हणून मीच त्याचं लक्ष दुसरीकडे नेलं. संगणकावर एक नवी फाइल केली. नाव दिलं 'बबडी, बदललेला पत्ता'. त्यात लिहिलं की तुला डोंगराकडच्या गावात लोकरीच्या गिरणीत हिशेबाचं काम लागलं, जुनी खोली सोडलीस, गिरणीमागच्या चाळीत राहतेस. गावाचं नाव लिहिलं. ते नाव मी आत्यालाही सांगितलं नाही, मोठ्याने उच्चारलंही नाही. नुसतं टाइप केलं आणि बघत राहिले. ढगाभोवती एक छोटा बाण गोल गोल फिरला आणि थांबला. गेलं.

काल त्याचा फोन आला. आवाज अगदी मधाळ. "आई, ऑफिसच्या कामासाठी परवा बाहेरगावी जातोय. तुम्हाला काही आणू का? तिकडे लोकरीच्या शाली छान मिळतात म्हणे."

मी म्हटलं, "आणा ना. आत्याला एक आणा, तिला थंडी बाधते."

फोन ठेवला आणि खुर्ची शोधत मागे सरकले. रडू मात्र आलं नाही. इतके दिवस वाटत होतं, आपण म्हातारपणी वेड्यासारखा सगळ्यांवर संशय घेतोय. आता निदान ते ओझं उतरलं. वकीलबाईंना मी जाऊन भेटून आले, फोनवर बोलले नाही. त्यांच्याकडे दंडाच्या आणि मानेच्या फोटोंच्या आधी दिलेल्या प्रती आहेत. मनगटाचा मात्र गेला तो गेलाच. फोटो कुणी काढून टाकले याची नोंद त्या कंपनीला कोर्टात द्यावी लागेल, असं त्या म्हणाल्या. देतील तेव्हा देऊ देत. मला आत्ता कोर्टाची घाई नाही.

मला घाई आहे ती तुझी. तू हे वाचत असशील तेव्हा तो डोंगराकडच्या गाडीत बसलेला असेल. त्या गावात गिरणी आहे, तिच्यामागे चाळही आहे, मी नकाशात बघून ठेवलंय. विचारपूस करण्यात त्याचा दिवस जाईल, कदाचित दोन. तेवढ्यात तू ती खोली सोड. आत्या तुला सामान बांधू लागेल. तिला सगळं ठाऊक आहे, फक्त तू पुढे कुठे जाणार ते नाही, आणि तिला तेही सांगू नकोस. स्टेशनवर तिला सोड आणि तिच्यासमोर तिकीट काढू नकोस. मी इथे संगणक चालूच ठेवणार आहे. त्यात तू गिरणीत कामाला जाशील, तुला तिथे मैत्रिणी होतील, थंडीने खोकला होईल, सगळं होईल. मी रोज थोडं थोडं लिहीत जाईन, तू त्याला तिथेच सापडत राहशील. आणि बाळा, तुझा खरा पत्ता मला नको. वकीलबाईंना दे. मला चुकूनसुद्धा देऊ नकोस, मी रडून मागितला तरी नाही. मला जे माहीत असेल ते कुठल्या वाटेने त्याच्यापर्यंत जाईल, हे मला आता कळत नाही. तू कुठे आहेस ते मला ठाऊक नाही, एवढं एकच मला रोज सकाळी उठल्यावर खात्रीने ठाऊक असू दे.

तुझीच,
आई