एका ओळीत मच्छिंद्र

७ सप्टेंबर २००९, सोमवार
ठरलं. मच्छिंद्रला सोडायचं नाही. कंपनीची मोटारसायकल माझ्याकडून काढून त्याला दिली, त्याला आज दोन महिने झाले. साहेब म्हणे, कडूबा, तुम्ही कॉम्प्युटर इन्चार्ज, तुम्हाला गाडी कशाला? बियाण्यांच्या कंपनीत प्लॉट बघत हिंडणारा मोठा आणि डेटाबेस सांभाळणारा लहान, हा कुठला कायदा? गाडीची दुसरी चावी मी परत केलेली नाही. करणारही नाही.

८ सप्टेंबर
ऑफिसातल्या वसंताची पक्की खबर: मच्छिंद्र अकरा वाजता अंबडच्या स्टँडवर चहा पीत होता. म्हणजे शेतात जातच नाही! भेटीच्या चिठ्ठ्या हॉटेलात बसून भरतो, शेतकऱ्यांच्या सह्याही तोच ठोकत असणार. आमच्या ऑपरेटर पुष्पाबाई त्या मुकाट्याने कॉम्प्युटरवर चढवतात. मला चिठ्ठ्या बघायला वेळ नाही.

१० सप्टेंबर, दुपारी. लोडशेडिंग.
हत्यार सापडलं. डेटाबेसच्या नव्या व्हर्जनमध्ये ॲरे-ॲग नावाचं फंक्शन आलंय. आतापर्यंत क्वेरी मारली, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारला, की एका भेटीची एक ओळ. नऊशे ओळी. साहेब पहिल्याच पानावर जांभई देतात. या फंक्शनने एका माणसाची सगळी गावं गोळा होतात आणि त्याच्या नावापुढे एका कंसात बसतात. मच्छिंद्रच्या कंसात अंबड, अंबड, अंबड दिसलं की खेळ खलास. (आळशी माणूस खोटं लिहितानाही लांबचं गाव लिहीत नाही.)

१२ सप्टेंबर, शनिवार
क्वेरी तयार. लेफ्ट जॉइन मुद्दाम लावलाय. ज्याची एकही भेट नाही, त्याचंही नाव यादीत आलंच पाहिजे; कंसात नल, म्हणजे काहीच नाही. कोणी सुटता कामा नये.
पुष्पाबाई म्हणाल्या, एकदा चालवून तर बघा. म्हटलं, बरोबर लिहिलेली क्वेरी चालवून बघायची नसते. शिवाय लाइट नव्हती. सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत चालवणार.
घरी द्वारकाने विचारलं, अंतरवालीचे प्लॉट तुमच्या नावावर हायेत ना, मंग कधी जाऊन राह्यले? बायकोला डेटाबेसमधलं काही कळत नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ९
इस्त्रीचा शर्ट. चावी खिशात. मीटिंग संपली की थेट गाडीवर.

त्याच दिवशी, दुपारी
प्रोजेक्टरने भिंतीवर मच्छिंद्रचा कंस उघडला तो चार ओळी मिटेना. हसनाबाद, भोकरदन, अंबड, पुन्हा हसनाबाद. आणि अंतरवाली अकरा वेळा. अंतरवाली माझी आहे!
खाली माझं नाव. कंसात एकच शब्द: नल.
साहेबांनी चष्मा पुसून विचारलं, कडूबा, हे नल कोणत्या तालुक्यात येतं?
मी सर्व्हरचा प्रॉब्लेम सांगितला. पुष्पाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. साहेबांनी मच्छिंद्रला विचारलं, तू अंतरवालीला कशाला गेलास? तो मान खाली घालून म्हणाला, भाऊजवळ गाडी न्हाई, मंग मीच जाऊन येऊन राह्यलो. भेटी भाऊच्या नावावर टाका म्हनलो होतो, बाई बिलकुल ऐकल्या न्हाईत.
त्याने रागाने उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. खूप राग आला त्याचा.
साहेबांनी चावी मागून घेतली. उद्यापासून अंतरवाली मी बघायची. बसने.

१५ सप्टेंबर, मंगळवार
अंबडची बस वेळेआधी सुटली. तक्रार करणार. स्टँडबाहेर मच्छिंद्र गाडी चालू ठेवून उभा. म्हणाला, बसा भाऊ जल्दी. बसलो. मागे खड्डे जास्त लागतात.
अंतरवालीला रामकिसनचा प्लॉट पहिला. दोन हंगामांपासून माझ्या नावावर आहे. त्याने चिठ्ठीवर सही केली, मला पाणी दिलं आणि मच्छिंद्रला हळूच विचारलं, भाऊ, हे पाव्हणे कोन?